राहण्याचा पत्ता

टेमघर, भिवंडी
मंगळवार, सकाळ

प्रिय जागृती,

तुला आणि आल्हादरावांना आशीर्वाद. पत्र बघून घाबरू नकोस, इकडे सगळं ठीक आहे. तुझ्या आईचा गुडघा होता तसाच आहे, माझं बीपी गोळीच्या धाकात आहे. फोन असताना पत्र लिहायचं कारण एवढंच, की फोनवर तू "हं बाबा, बोला" म्हणालीस की माझ्या तोंडून ऊन किती आणि पाणी किती वाजता आलं एवढंच निघतं. पोस्टात जाऊन विचारलं, बार्बाडोसला रजिस्टर पत्र किती दिवसांत जातं. खिडकीवरच्या बाईंनी आधी मलाच विचारलं, हे आलं कुठे? म्हटलं, वेस्ट इंडीज, क्रिकेटवाले. तीन आठवडे धरा म्हणाल्या. मी पाच धरले. आम्ही वैशाखात निघणार, म्हणजे पत्र आमच्या आधी तुझ्या हातात पडतं. चौतीस वर्षं वडप्याच्या ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनमध्ये बुकिंगला बसलो, माल पुढे आणि कागद मागे असं कधी होऊ दिलं नाही.

आमच्या लग्नाला पन्नास वर्षं होतात म्हणून तू तिकिटं काढलीस. राहायचं कुठे आणि फिरायचं कशानं ते बाबा तुम्ही बघून ठरवा, असं म्हणून तीन हॉटेलांची नावं पाठवलीस. ते मी ठरवलं आहे. पक्कं ठरवलं आहे. पण कसं ठरलं ते तुला सगळं ऐकावं लागेल, मधली पानं सोडून शेवट वाचू नकोस. लहानपणी तू गोष्टीच्या पुस्तकाचं तेच करायचीस.

तुझं पहिलं हॉटेल समुद्रावरचं, ज्यात मनगटाला पट्टी बांधतात आणि मग दिवसभर काय वाटेल ते खा. माझं इंग्रजी तुला माहीत आहे. सातवी पास, पुढचं सगळं मालाच्या पावतीवर, बिल्टीवर शिकलेलं. 'फ्रॅजाइल' आणि 'दिस साइड अप' मला अंधारात वाचता येईल, पण हॉटेलवाले असलं सरळ काही लिहीत नाहीत. एकेक शब्द लावत तीन दिवस घालवले. पट्टी मला पटेना. आपण कापडाच्या गाठींना टॅग लावतो तसं माणसाला काय बांधायचं? आळीतला हिरामण रोजच्यासारखा पेपर वाचायला आला होता. तो म्हणाला, "बांधून घे केसरीनाथ, हरवलास तर निदान परत तरी पाठवतील." ट्रक चालवून चालवून त्याची जीभ अशी झाली आहे, तू मनावर घेऊ नकोस.

दुसरं पूर्वेच्या बाजूचं, डोंगरावरचं. फोटो फार सुंदर. पण फोटो मोठा करून मी पायऱ्या मोजल्या, त्रेचाळीस दिसल्या, आणि खाली झाडामागे किती असतील ते देव जाणे. तुझ्या आईला आपल्या ओट्याच्या तीन चढताना भिंत धरावी लागते. शिवाय तिथला समुद्र खवळलेला, पोहू नका अशी पाटी लावली आहे. पोहतंय कोण, पण पाटी लावली म्हणजे काहीतरी घडलं असणार. तिसरं राजधानीत, बसस्टँडजवळ. ते मला आवडत होतं. मग कळलं खाली गाण्याबजावण्याचं दुकान आहे. मी त्यांना मेसेज करून विचारलं, गाडी दारापर्यंत येते का, पावसात पाणी शिरतं का, फरशी ओल धरते का, दरवाजा किती रुंद. त्यांचं उत्तर आलं नाही. तुझी आई भाजी निवडता निवडता म्हणाली, "तुमी खोली शोधताव का गोदाम?"

गाड्यांचं तर विचारूच नकोस. मी फोनवर नकाशा उघडला, बेट सगळ्या पडद्यावर पसरलं. विमानतळ खाली दक्षिणेला आणि तुझं स्पाइट्सटाउन वर उत्तरेला. माझ्या मनानं घेतलं, म्हातारीला एका दिवसात एवढा पल्ला झेपायचा नाही, मधे एक मुक्काम पाहिजे. खरंच सांगतो, मधल्या मुक्कामासाठी मी एक लॉजही शोधून ठेवला. जुन्या बिल्टीच्या पाठीवर कागद तयार केला, पहिला टप्पा, जेवण, मुक्काम, दुसरा टप्पा. हिरामणनं तो कागद बघितला, नकाशाखालची ती अंतराची बारीक रेघ बघितली आणि असा हसला की त्याला ठसका लागला. सगळं बेट उभं धरलं तर भिवंडी ते शहापूर. त्यात मी मुक्काम धरला होता. आता नाक्यानाक्यावर तो मला विचारतो, "काय शेठ, कशेळीला जाताय, मधे मुक्काम कुठं?"

पण त्या फजितीतून गाड्यांचं एक झालं, भाड्याची मोटार घ्यायची नाही हे ठरलं. तिकडेही आपल्यासारखीच डाव्या बाजूनं गाडी चालवतात हे वाचून हिरामण स्वतःच यायला तयार झाला होता, त्याला वहिनींनी घरीच ठेवलं. आम्ही बसनं फिरू. निळ्या सरकारी, पिवळ्या खाजगी आणि पांढऱ्या व्हॅन, सगळं पाठ केलं आहे. स्टॉपवर नुसतं 'टू सिटी' नाहीतर 'आउट ऑफ सिटी' लिहिलेलं असतं, असं कळल्यावर माझा जीव भांड्यात पडला. गावाकडे जाणारी आणि गावाबाहेर जाणारी, दोनच दिशा. एवढं सरळ आपल्या कल्याण नाक्यावर असतं तर माझं अर्धं आयुष्य वाचलं असतं. एक धास्ती राहतेच, ती म्हणजे लंडनला विमान बदलताना तुझी आई आणि मी वेगवेगळ्या रांगेत गेलो तर काय. त्यावर मी ओळखपत्राची झेरॉक्स तिच्या ब्लाउजला आतून पिन करणार आहे. तिला अजून सांगितलेलं नाही.

शेवटी जागा मीच शोधली. तुझ्याच गावात, नकाशावर बघितलं तर तुझ्या घरामागे दोन गल्ल्या सोडून. मर्लीन नावाच्या एका विधवा बाईंच्या घरातली एक खोली. तळमजला, एक उंबरा, पायरी नाही. अंगणात नीरफणसाचं झाड, ते बघून तुझी आई खूश. आणि मुख्य म्हणजे स्वयंपाकाची सोय, शेगडी, भांडी सगळं. मला तेच हवं होतं. आपलं आपण रांधावं, आपलं पाणी आपण भरावं, आणि दिवसा तुझ्याकडे येऊन बसावं. मी बाईंना होकार कळवला. रात्र सुखाची गेली. सकाळी त्यांचा मेसेज होता, तुम्ही आमच्या बेटावर कोणाला भेटायला येता? मी लिहिलं, डॉटर. त्यांनी विचारलं, कुठे राहते? मी गल्ली सांगितली. मग थोड्या वेळानं आलं, तिचं घर लहान आहे का?

मी फोन उलटा करून ठेवला. लहान नाही, हे मला माहीत आहे. गेल्या दिवाळीला तूच फोन फिरवून दाखवलं होतंस, मागची खोली, तिच्यात नवीन पलंग, खिडकीला पडदे. "ही खोली रिकामीच असते बाबा," म्हणालीस आणि फोन पुढे नेलास. हॉटेलांची नावं पाठवलीस तेव्हाही, घरी राहा असं तू म्हणाली नाहीस. मला तेव्हा बरं वाटलं होतं, पोर समजूतदार आहे, बापाला अवघड प्रश्न टाकत नाही. आता मर्लीनबाईंनी तोच टाकला. दिवसभर लिहिलं, खोडलं. संध्याकाळी तुझ्या आईला वाचून दाखवलं आणि म्हटलं, काय लिहू? ती पोळ्या लाटत होती. लाटणं थांबवलं नाही. म्हणाली, "लिवा की इंग्रजीत. लेकीला पोर न्हाय म्हनून आमी तिच्याकडं पानी बी पीत न्हाय, असं लिवा. त्या बाईलाबी कलू द्या."

जागृती, पन्नास वर्षांत ती माझ्याशी असं बोलली नव्हती. मला वाटलं ती रागावली असेल म्हणून तोंडाकडे बघितलं, तर ती रडत होती. पोळी मात्र गोल.

लेकीला मूल होईपर्यंत आईबापानं तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, ही रीत मला माझ्या आईनं दिली. तिनं कधी कारण सांगितलं नाही, मी कधी विचारलं नाही. माझ्या बहिणीला वर्षाच्या आतच मुलगा झाला, बारशाला आम्ही सगळे पंगतीत बसलो, रीत फिटली. त्यामुळे ती कुणाला टोचते हे मला कळायचं कारण नव्हतं. तुझ्या लग्नानंतर कल्याणच्या घरी पहिल्यांदा आलो तेव्हा तू तांब्याभांडं समोर ठेवलंस आणि मी पिशवीतून माझी बाटली काढली. तू हसलीस. तेव्हा नवीन होतं, चालून गेलं. दुसऱ्या वर्षी हसलीस. पाचव्या वर्षी तू तांब्या आणलाच नाहीस, नुसती समोर बसलीस, आणि मी बाटलीचं झाकण उघडलं त्याचा आवाज त्या खोलीत केवढा झाला. आल्हादराव एवढ्या मोठ्या हॉटेलात शेफ, परक्या देशाचे लोक त्यांच्या हातचं खाऊन बोटं चाटतात, आणि सासऱ्यानं त्यांच्या हातचा चहासुद्धा घेतला नाही. दर वेळी मी म्हणायचो, आताच पिऊन आलो. एकदाही खरं नव्हतं. दुपारच्या उन्हात स्टँडवरून चालत यायचो, घसा कोरडा असायचा.

आणि तुझा तो दवाखाना झाला, चौथ्या महिन्यात, तेव्हा तुझी आई आठ दिवस रोज टेमघरहून येत होती. तुझ्यासाठी पेज, आल्हादरावांसाठी भाजी. स्वतःचा डबा ती कल्याणच्या एसटी स्टँडवर बाकड्यावर बसून खायची आणि मग तुझ्या घरी यायची. ते मीच तिला सांगितलं होतं. तुला हे माहीत नसावं अशी माझी समजूत होती. परवा ती म्हणाली, तिसऱ्या दिवशी आल्हादरावांनी तिला तिथे बाकड्यावर बघितलं होतं. ते शेजारी बसले, आणि तिच्या डब्यातली अर्धी भाकरी मागून खाल्ली. चौदा वर्षांत त्यांनी मला एका शब्दानं हे सुनावलं नाही.

मी शिकलेला माणूस नाही. एखादी गोष्ट चूक आहे हे कळलं तर तिला मोठे शब्द लावता येत नाहीत. आमच्याकडे चुकीच्या ठिकाणी माल उतरला तर माफीचं पत्र नसायचं, गाडी परत पाठवायची आणि माल जिथला तिथे पोचवायचा. मी मर्लीनबाईंना लिहून टाकलं, घर लहान नाही, मी लहान होतो, खोली नको. हिरामणकडून इंग्रजी तपासून घेतलं, तोही सातवीच, म्हणजे कितपत बरोबर असेल कोण जाणे. त्यांचं उत्तर आलं, गुड, आणि पुढे एक फूल.

हिरामण म्हणाला, लोक काय म्हणतील? आपल्या आळीत अजून पाळतात. म्हटलं, आळीला सांग केसरीनाथ लेकीकडे राहायला गेलाय, वीस दिवस, जेवूनखाऊन. कुणाला विटाळ वाटला तर माझ्या ओट्यावर येऊ नये. रात्री मलाही माझ्या आईनं बघितलं तर काय म्हणेल असं वाटलं, खोटं कशाला सांगू. पण तिला जाऊन तीस वर्षं झाली, आणि तू आहेस.

आता हे पत्र कशासाठी, ते. त्या देशात शिरायचा एक फॉर्म असतो, फोनवरच भरायचा. नाव, पासपोर्ट, किती दिवस, सगळं भरलं. तुझ्या आईचंही, पार्वती केसरीनाथ. खाली एक रकाना आहे, राहण्याचा पत्ता. तो तीन दिवस रिकामा होता. काल मी त्यात तुझं घर लिहिलं. स्पेलिंग एकेक अक्षर लावून तीनदा तपासलं आहे. मी तुला विचारलं नाही, कारण विचारलं तर तू हो म्हणशील आणि ते हो तुला भारी पडलं का हे मला फोनवर कळणार नाही. म्हणून पत्र, आम्ही पोचायच्या आधी तुला काही दिवस मिळावेत म्हणून. राग असेल तर या दिवसांत करून घे, मी आल्यावर केलास तरी चालेल, पण दुसरी खोली मी शोधणार नाही. मागच्या खोलीतला पलंग खिडकीपासून जरा लांब सरकवून ठेव, तुझ्या आईला वारा लागतो. आल्हादरावांना सांग, पहिल्या दिवशी त्यांना जे आवडतं ते करू दे, तिखट जास्त झालं तरी मी बोलणार नाही. आणि हिरामण सांगतो, विमानाच्या तपासणीत बाटलीतलं पाणी ओतून टाकायला लावतात. म्हणून या खेपेला मी बाटली घेतच नाही. तुझ्या दारात येईन तेव्हा उन्हातून आलेला असेन. तांब्या भरून ठेव.

तुझाच,
तहानलेला बाप