कपाटामागचा शांत कोपरा

वर्गशिक्षिका बाईंना,

खरं सांगा, माझ्या मुलीला वर्गात तुम्ही आमच्या घरातलं काय काय विचारता? तुमच्या त्या ‘शांत कोपऱ्या’चा मला पहिल्यापासून संशय होता. मन भरून आलं की मुलांनी तिथे उशी घेऊन बसायचं म्हणे! आमच्या वेळी कोपऱ्यात शिक्षा म्हणून उभं करायचे.

आता तिने घरीही कपाटामागे तसाच कोपरा केलाय. काल तिचे बाबा कामावरून आले, ते थेट तिथेच जाऊन बसले. ही त्यांच्या शेजारी. बराच वेळ कुजबुज चालली होती. मी डोकावले, तर दोघंही गप्प!

नंतर तिला खोदून खोदून विचारलं. म्हणाली, “आई, बाबांचं बाबांनीच सांगायचं. बाईंचा नियम आहे.”

नवरा माझा, घर माझं आणि नियम तुमचा!

चांगलं खरमरीत पत्र लिहायला बसले होते. घरात कुणी नाही म्हणून त्या कोपऱ्यातच बसले, उशी मांडीवर घेऊन. आता हे पत्र तुम्हाला द्यावंसं वाटत नाही. दोघं जिना चढतायत. मी काही उठणार नाही. बघू, माझ्या शेजारी कोण येऊन बसतंय ते.

तिची आई