आवाजाचा लिलाव

ताकुआरेम्बो, ४ ऑगस्ट १९८७

चि. देल्मिरा हिस अ. आ.

फोनवर माझी घरघर ऐकून तू रडशील, म्हणून पत्र. किरणांनी घसा भाजून निघाला, तरी ती गाठ पुन्हा उगवलीच. डॉक्टर एचेवेरीबाई म्हणतात, आता स्वरयंत्रच काढायचं. मानेला भोक राहील, श्वास तिथूनच. आवाज कायमचा जाईल. मी नकार देऊन घरी आलो. उभा जन्म गुरांचे लिलाव पुकारण्यात गेला. मुका लिलाववाला कोण ठेवतो? पुढच्या महिन्यातला वसंताचा बाजार पुकारेन, मग काय व्हायचं ते होवो. तुझी वहिनी गेल्यापासून मला रागावणारी तूच एक उरलीस. रागासकट लोभ राहू दे.

तुझा,
नेरेओ

मोंतेविदेओ, ११ ऑगस्ट

ती. दादास सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि तुझा कान पिळावासा वाटला. मी डॉक्टरांना जाऊन भेटले. त्या म्हणाल्या, आज ऑपरेशन होऊ शकतं; बाजार संपेपर्यंत गाठ मोठ्या शिरेला भिडली, तर कुणीच हात लावणार नाही. म्हणजे एका बाजारापायी जीव विकतोयस, तोही पडेल भावात. आणि लहानपणापासून तुझ्यापुढे मला कधी तोंड उघडायला मिळालं नाही, आता येऊ दे की माझी पाळी. चेष्टा पुरे. मला भाऊ हवाय दादा, मुका असला तरी चालेल. लोभ नंतर लिहीन, आधी गाडीत बस.

तुझी,
देल्मिरा

मोंतेविदेओ, दवाखाना, ९ सप्टेंबर

चि. देल्मिरास अ. आ.

तू रोज येतेस, पण पाटीवर सगळं मावत नाही. गाठ पुरती निघाली असं डॉक्टर आज सांगून गेल्या. मी काही म्हणायला तोंड उघडलं, तर मानेतून नुसती हवा गेली. काल आपला बाजार दुसऱ्या कुणी पुकारला. मी भिंतीकडे तोंड करून रडलो, तुझ्यापासून काय लपवायचं.

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी तू तुझ्या अंगणात येर्बाच्या पानांचा कढत काढा एकाच पेल्यात पुन्हा पुन्हा भरून देत होतीस. आवाज आहे तोवर काही बोलायचंय का, असं तू विचारलंस. मी नुसती नकाराची मान हलवली आणि रिकामा पेला परत दिला. तुला वाईट वाटलं, ते दिसलं मला. खरं तर तुझे आभार मानायचे होते, तेवढंच शेवटचं बोलायचं ठरवून आलो होतो. पण पेला परत देताना आभार मानले की बास झालं, आता नको, असंच आपल्याकडे समजतात. पुढचा पेला मग येत नाही. आणि मला, देल्मिरा, अजून हवं होतं.

डॉक्टर परवानगी देतील त्या दिवशी भरून आण.

तुझा,
नेरेओ