पाठ नदीकडे

गुरुजी, तुमच्या त्या काळ्या दगडावर बसून लिहितो आहे. पाठ गोदावरीकडे, तोंड ओढ्याकडे, तुम्ही बसायचात तसंच. नदी घाटाच्या पायऱ्या चढते आहे आणि सगळं शहागड तिकडे जमलं आहे.

तुम्ही वर्गाकडून कविता म्हणवून घ्यायचात, प्रत्येक बाकाला एक ओळ. एक बाक अडखळला की सारा वर्ग थांबायचा. शेवटची ओळ आमच्या बाकाची. पुढे मी पुण्याला पुराचा अंदाज काढणाऱ्या केंद्रात नोकरीला होतो; तिथे मोठा संगणक आला, तेव्हा मला तुमचा वर्गच दिसला. कितीतरी प्रोसेसर, प्रत्येकाला नदीचा एक तुकडा. आपल्या चौकोनातलं पाणी मोजायचं, शेजाऱ्याला सांगायचं, मग सगळ्यांनी मिळून पुढे सरकायचं. जुन्या मशीनवर चौकोन एवढे मोठे की घाट, शाळा, ओढा सगळं एकाच उंचीचं. नव्यावर ते बारीक करता आले आणि पहिल्यांदा आपला ओढा दिसला. धरणातून फार पाणी सुटलं, तर घाट ओलांडायच्या आधीच नदी ओढ्यातून उलटी शिरत होती. गावाच्या मागून, हायवेची वाट तोडत.

त्या दिवाळीत तुमच्या ओसरीवर मी हे सांगत होतो, तुम्ही शेंगा फोडत होतात.

“तुझं मशीन नदीची ओटी भरतं का रे?”

तुम्ही हसलात. पण पूर पायऱ्यांना लागला की आपलं गाव घाटावर जमतं, बाया खण-नारळानं नदीची ओटी भरतात, आणि पाणी उतरेपर्यंत कुणी हलत नाही. मला भ्या होतं ते त्याचंच. ते सांगितलं, तेव्हा तुमच्या हातातली शेंग तशीच राहिली.

“म्हंजे आम्ही तिकडं हात जोडून राह्यलो, अन् ती मागून येऊन राह्यली?”

पुढच्या पुरात तुम्ही एकटेच इथे येऊन बसलात. सरपंचांनी घाटावरून हाळी दिली, “गुरुजी, नदीवर रुसले का काय?”

“रुसलो न्हाई. कुणीतरी मागं बघाया पाह्यजे ना!”

ओढा उलटा फिरला नाही. त्या वर्षीही नाही, नंतरही नाही. माझ्या गणितापायी तुम्ही गावभर थट्टा सोसली, आणि थट्टा चालू असतानाच गेलात. मी निवृत्त होऊन परतलो, तेव्हा हा दगड तसाच होता. आज सकाळी शेजारची सून नारळ घेऊन घाटाकडे निघाली होती. म्हणाली, “काका, तुमी बी? मास्तरांची गादी चालवून राह्यले बिलकुल!”

आता घाटावर हलगी वाजते आहे. लेकरंही तिकडेच असतील. मी आपला तुमची कविता पुटपुटतो आहे, आणि आमच्या बाकाची ओळ काही केल्या आठवत नाही.

समोरून बाभळीची एक शेंग गेली. ओढा नदीकडे वाहतो, गुरुजी. ही नदीकडून वर, गावाकडे चालली आहे. तिच्यामागे फेस आहे.

मशीन खोटं ठरावं, एवढंच मी इतकी वर्षं मागत आलो, हे तुम्हाला कधी बोललो नाही. कागद दगडाखाली ठेवतो. हलगीच्या वर आवाज काढायचा आहे.