विहीणबाईंच्या नावाचे चौकोन

चि. भाऊस अनेक आशीर्वाद.

तू तीनदा फोन केलास, ‘ताई, लेकीला परत पाठव, बँकेची परीक्षा तोंडावर आली’ एवढंच बोललास आणि माझं न ऐकता फोन ठेवलास, म्हणून लिहिणं भाग पडलं. गुडघा कसा आहे? सांगितलेला व्यायाम करत नसशीलच. आम्ही ठीक. आमच्या चिरंजीवांचं लग्न मोडता मोडता राहिलं, एवढंच.

झालं असं. पत्रिका दोन भाषांत हवी होती, आपल्या आणि सुनेकडच्या. छापखान्याच्या साइटवर पत्रिकेला एकच फाँट देता येतो (फाँट म्हणजे अक्षरांचा साचा, मलाही आत्ताच कळलं). चिरंजीवांनी आपला दिला. त्यात सुनेकडची अक्षरंच नव्हती. नमुना आला तर आपली सगळी मंडळी दिमाखात, आणि विहीणबाईंच्या नावाच्या जागी रिकामे चौकोन, ओळीने, खिडक्यांसारखे! त्यांनी कळवलं, ‘जिथे माझं नाव मावत नाही, तिथे मी कशाला येऊ?’ सूनबाई म्हणाली, आई नाही तर मीही नाही.

तेव्हा तुझी लेक पुढे झाली. ‘आत्या, दोन्ही भाषांचे फाँट फुकट मिळतात, त्यांत फेरफार करायचीही मुभा आहे. दोघांचा एक करते.’ मला वाटलं, दोन पिठं कालवण्याइतकं सोपं असेल. पहिल्या खेपेला विहीणबाई दुप्पट मोठ्या झाल्या आणि आपण त्यांच्या पायाशी मुंग्या (दोन्ही साच्यांची मापं वेगळी). चिरंजीव म्हणाले, ‘राहू दे असंच, येतील तरी.’ मी नुसतं पाहिलं. ते पाणी प्यायला गेले. दुसऱ्या खेपेला मापं जुळली, पण आपली जोडाक्षरं फुटली. अक्षरं आली होती, ती जोडायचे नियम मागेच राहिले होते, तेही तिने आणले. शिवाय आकडे आणि पूर्णविराम दोन्हींकडे होते, ठेवायचे एकाचेच. तिने आकडे त्यांचे घेतले, पूर्णविराम आपला. (शेवट आपल्या हातात, म्हणून मी हरकत घेतली नाही.)

आणि भाऊ, मग दोन्ही भाषांची ओळ पडद्यावर आली. आपली अक्षरं वरच्या रेघेला लोंबकळणारी, त्यांची खाली ऐसपैस बसलेली, तरी शेजारी शेजारी, एकाच अंगकाठीची. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. आयुष्यभर मुलांच्या शुद्धलेखनावर लाल रेघा मारल्या, पण छापलेलं अक्षरही कुणीतरी बसून काढलेलं असतं, हे कधी मनात आलं नाही. आपल्याला कधी न भेटणाऱ्या माणसांनी एकेक वळण घडवलं आणि म्हणाले, घ्या, बदला, पुढे द्या. अट एवढीच, की बदललेल्या फाँटला नाव नवं द्यावं आणि तोही असाच मोकळा ठेवावा. मी उठून पडद्याला नमस्कार केला. (घरातले घाबरले.)

विहीणबाईंचं उत्तर आलं, ‘येते. हे केलं कुणी?’ कळवलं, माझ्या भाचीने.

तुझी,
ताई

ता.क. नव्या फाँटचं नाव तिने ‘आत्या’ ठेवलं. का, तर म्हणे, ‘सगळ्यांना एका रांगेत उभं करतो.’

ता.क. आणखी एक. लेक परीक्षेला बसणार नाही. तिला हेच काम शिकायचं आहे. तुला सांगायला ती घाबरते, मी घाबरत नाही. तिला इथेच राहू दे.

या पत्रासोबत चिरंजीवांच्या हाती पाठवलं ते असं: पत्रिका एक. ‘आत्या’, पेनड्राइव्हमध्ये, मागेल त्याला द्यावा. बँकेच्या परीक्षेची तू तिला घेऊन दिलेली सगळी पुस्तकं, कोरी करकरीत. एकात पान दुमडलं आहे ते मी. गणित सुटलं नाही.