दादाच्या वाटची झावळी

शमुवेलदादा,

हे पत्र टाकणार नाई, म्हणून मनातलं लिहून राह्यली.

तू पुण्याले गेला, तरी आई दर झावळ्यांच्या रविवारी चर्चमधून तुह्या वाटची झावळी आणे अन् इथं जऊळक्याले दारावर खोचे. ती आजारी पडली, तू आला नाई. मातीलेबी नाई. अन् परवा तू फोनवर सांगतं, पापकबुली केली, देवानं माफ केलं. आईचं सारं मी केलं. मंग देवानं मले न विचारता कसं माफ केलं?

उपवासकाळाच्या आधी चर्चवाले जुन्या झावळ्या गोळा करतात, राखेच्या बुधवारसाठी जाळाले. आईनं खोचलेली तुह्यी झावळी मी मुद्दाम देल्ली. जळू दे म्हटलं.

आज रांगेत उभी होती. फादरनं त्याच राखेत अंगठा बुडवला, माह्या कपाळाले लावला अन् म्हणे, "पश्चात्ताप कर."

मले म्हणे, दादा. तुले नाई.

राख अजून पुसली नाई. दारावरची जागा रिकामी आहे. यंदा किती झावळ्या आणीन, ते आज विचारू नको.

तुह्यी, अजून रागातली,
एस्तेर