शंभर दिवसांच्या गाद्या

३ मार्च, सकाळी
राजीनामा दिला! तीन ओळींत. छप्पन्नाव्या वर्षी माणसाने गाद्या विकत फिरू नये. आता स्वतःची एजन्सी. बायको म्हणाली, आधी दुसरीकडचं पक्कं करायचं. तिला धंद्यातलं कळत नाही.

५ मार्च
एचआरच्या बाईंचं पत्र. गादी शंभर दिवस गिऱ्हाइकाकडे टिकली तरच कमिशन 'कमावलं' म्हणे. तोवर मिळते ती उचल. नोकरी सोडली की न कमावलेली उचल परत. सत्तर हजार! हसलो. दिलेले पैसे कोणी परत मागतं का?

६ मार्च
मेहुणा वकील आहे. फी घेत नाही, म्हणून जरा तुसडेपणाने बोलतो. म्हणाला, दाजी, कायदा नंतर, आधी सही कशावर केलीत ते दाखवा. दाखवलं. पान चौथं, खाली. अक्षर फार बारीक आहे, हा माझा मुद्दा. तो म्हणाला, सही तर चांगली मोठी आहे.

७ मार्च
घाबरायचं कारणच नाही. सत्तर हजार आहेत चौदा गाद्यांचे, आणि चौदाही घरच्याच माणसांकडे. टार्गेटसाठी मीच गळ्यात मारल्या होत्या. तेव्हा सांगितलं होतं, कंपनीची शंभर दिवसांची मुभा आहे, बिनधास्त झोपा, नव्याण्णवाव्या दिवशी परत करा, सगळे पैसे परत. आता फक्त 'ठेवून घ्या' एवढंच सांगायचं. सांगू सावकाश. घाई केली की लोक बिचकतात.

११ मार्च
थोरला साडू म्हणाला, तुम्ही सांगितलेल्या दिवशी बरोबर परत केली, टेम्पो येऊन गेला. वहिनीचं तेच. सासूबाईंची कंबर त्या गादीने बरी झाली होती. त्यांना ती सोडवत नव्हती, पण जावयाचा शब्द कसा मोडायचा, म्हणाल्या. चौदाच्या चौदा परत. इतकी शब्दाला जागणारी माणसं मी पाहिली नाहीत. रडू आलं.

१८ मार्च
जुन्या कंपनीचं 'नो ड्यूज' पत्र आणल्याशिवाय एजन्सी कोणी देत नाही. नोकरीही नाही. तीन ठिकाणी विचारलं. पुढे आड, मागे विहीर.

२० मार्च
जुन्या कंपनीतल्या साहेबांना भेटलो. माझ्या अटींवर. ते म्हणाले, आठवड्यात पैसे भरा, नाहीतर परत या, निम्मं कमिशन कापत जाऊ. मला परत घ्यायला लावलं!

२५ मार्च, रात्री
रुजू झालो. महिन्याला एक गादी, म्हणजे अडीच हजारांची कपात धरली (नातेवाईक संपले), तर अठ्ठावीस महिन्यांत सुटका. निवृत्ती आहे चोवीस महिन्यांनी. भीती वाटते आहे. बायकोला सांगितलेलं नाही.
घरात किराणा नव्हता. दुपारी नवी उचल मागितली. एचआरच्या बाईंनी लगेच दिली.