सात तडकलेल्या पुंगळ्या

अब्बा,

अक्षर मुद्दाम मोठं काढलंय.

काल तुम्ही नमाजाला गेला होतात, तेव्हा रायफल क्लबचे आगाशेसर येऊन गेले. पुन्हा दारू भरण्यासाठी आपण निवडून, धुऊन दिलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्यांत सात तडकलेल्या निघाल्या. आठवी बार उडवतानाच फुटली. एका मुलीचा गाल भाजला, डोळा थोडक्यात वाचला.

सरांनी विचारलं, "शमशुद्दीनमियाँना आता दिसत नाही का?"

मी म्हटलं, "या खेपेचा माल मी निवडला होता."

ते म्हणाले, "मग तू तरी नीट बघत जा, नजमा."

त्यांचा फोन आला तर मला खोटं पाडू नका. तीस वर्षांत तुमच्या निवडीला कुणी नाव ठेवलं नव्हतं. तो लौकिक मला मोडवेना. पण त्या मुलीचा विचार मनातून जात नाही. म्हणून पुंगळ्यांचं नवं पोतं कपाटात ठेवून कुलूप लावलंय. किल्ली माझ्याकडे आहे. माझ्यावर रागवा, पण कुलूप तोडू नका.

हिंजवडीची बस येईल, मी निघते. डाळ गरम करून घ्या. अर्ध्या दिवसाची रजा टाकून दोनपर्यंत घरी येते. आपल्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचंय. तिथे "मला सगळं दिसतं" म्हणू नका, अब्बा. मी फार थकलेय. तुमच्यासाठी एकदा खोटं बोलले, पुन्हा माझ्याच्याने बोलवणार नाही.

नजमा